निळ्या लोकरीचा कोपरा

प्रिय बाबा,

आपला गालिच्याचा दिवाणखाना बंद होत नाही! हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही सवयीप्रमाणे पत्राचा शेवट आधी वाचाल.

संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी दाराला लावायची दोरीसुद्धा आणून ठेवली होती. लोकांच्या येण्याजाण्याने गालिचा दारापासून खिडकीपर्यंत विरलाय, आता ती बांधून दारातूनच दाखवू, म्हणाले. ज्या गालिच्यावर माझ्या बाबांनी तीस वर्षं रफूची सुई चालवली, तो दारातून बघायचा? मी हट्टालाच पेटले. बाहेर तीन लांब पायपुसणी टाकली आणि रोज संध्याकाळी ती झटकून निघालेली वाळू बरणीत भरत गेले. महिन्याने ती बरणी भर बैठकीत साहेबांच्या चहाशेजारी ठेवली. म्हटलं, गालिचा पाय खात नाहीत, ही वाळू खाते. साहेबांनी कप जरा लांब सरकवला आणि माझं सगळं मान्य केलं. पायपुसणी कायमची, बुटांवर कापडी मोजे, आणि गालिचा दर सहा महिन्यांनी फिरवायचा, म्हणजे रोजची वाट एकाच पट्ट्यावर पडणार नाही.

काल आठ जणांनी मिळून तो फिरवला आणि तुमची लबाडी उघडी पडली. लाल लोकर संपली म्हणून कपाटाखालचा कोपरा तुम्ही चक्क निळ्या लोकरीने भरला होता, कोण बघतंय म्हणून! आता तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलाय. कुणाचं काम हे, असं साहेबांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, आमच्या बाबांचं. झाकायला कुणीतरी सतरंजी आणली, ती मी परत पाठवली.

बाबा, गुडघे गेल्यावर तुम्ही चाकाच्या खुर्चीतून आलात, तेव्हा नियम दाखवून तुम्हाला दारातून परत फिरवलं ते मीच. चाकांनी धागे तुटतात, हे तुम्हीच मला शिकवलेलं. बरोबर केलंस, असं म्हणून तुम्ही हसलात. मला मात्र दोन वर्षं ते हसू टोचतंय. आता गालिच्यावर टाकायला सुताराकडून रुंद फळ्या करून घेतल्यात, खाली लोकरीचा जाड नमदा लावून. आधी मी स्वतः खुर्चीत बसून चार फेऱ्या मारल्या, एकही धागा तुटला नाही. मंगळवारपासून या फळ्या सगळ्यांच्या खुर्च्यांसाठी, पण पहिली खुर्ची तुमची. साहेबांकडून लिहून घेतलंय. येताना चष्मा आणा, सुई नको. तो निळा कोपरा आहे तसाच राहणार आहे.

तुमचीच,
नियमवाली