गुळाची डबी, पारसच्या नावे

मी, सीताबाई अण्णाप्पा मगदूम, वय एकाहत्तर, धंदा गुळाची अडत, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि माझ्या रागाने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर तेजस्वी उपाध्ये यांनी आज सकाळी दिला आहे. रागाचा दाखला कोणी देत नाही, तो पुढे वाचून कळेल. मला कोणी भरीला घातलेले नाही, कोणी धमकावलेले नाही, आणि मला धमकावणारा माणूस शाहूपुरीत अजून जन्मायचा आहे. उद्या मी लांबच्या प्रवासाला निघते आहे, म्हणून हे आजच पुरे करते.

मालक, म्हणजे माझे यजमान, वारल्यावर मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे मुलाला दिले होते. ते रद्द केले आहे. कागद गॅसवर धरून जाळला, तेव्हा माझी सोबतीण धोंडुबाई साक्षीला होती.

आमचे वकील वृषभ चौगुले माझ्यासमोर बसले आहेत आणि दर दोन ओळींनी म्हणत आहेत, "काकू, मृत्युपत्रात असलं लिवत न्हाईत." मी त्यांना विचारले, "मग कुठं लिवायचं? भिंतीवर?" त्यावर त्यांनी चहा मागितला.

कलम १. मला एकच मूल, पारस. लग्नानंतर बरीच वर्षे ओटी रिकामी होती. मग सासूबाई शिखरजीला जाऊन आल्या आणि पुढच्या वर्षी तो झाला. आम्हा जैनांचे ते सगळ्यात मोठे तीर्थ, झारखंडातला पारसनाथाचा डोंगर. त्या डोंगराचे नाव आम्ही मुलाला दिले. आम्ही दोघे मात्र कधी गेलो नाही. हंगामात दुकान सोडवेना, आणि दुकान सोडण्याजोगे झाले तेव्हा मालकांची पाठ गेली. दोन दिवस रेल्वेत बसणे त्यांना झेपणारे नव्हते.

कलम २. माझे घर, दुकान, दागिने यांच्याआधी मी माझ्या क्रेडिट कार्डाविषयी लिहिते, कारण सगळे तिथून सुरू झाले. दुकानाचा परवाना मालकांनी पहिल्यापासून माझ्या नावे ठेवला होता, म्हणून कार्डही माझ्या नावे निघाले. पारसनेच ते आणले. जेवताना म्हणाला, "आई, डिझेल, पॅकिंगचं बॉक्स, वाहतूक, लाइटबिल, खर्च तर करतोयच की आपण. त्यो सगळा ह्या कार्डावर करूया. खर्चाला पॉइंट पडत्यात. त्या पॉइंटवर तुला आणि अण्णांला इमानात बसवून शिखरजीला नेतो. एक रुपया लागायचा न्हाय."

मालकांनी हातातला घास खाली ठेवला. त्या वर्षी आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. दुसऱ्या दिवशी मालक गेले आणि महाराजांसमोर नियम घेऊन आले, शिखरजी होईपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही. त्यांच्या मागोमाग मीही घेतला.

वाचणाऱ्याला यातली मेख कळावी म्हणून सांगते. गुळाचा व्यापारी सौद्याला ढेप फोडतो, खडा जिभेवर ठेवतो आणि मग भाव बोलतो. मालकांची जीभ मार्केट यार्डात नावाजलेली होती. नियम घेतल्यापासून ते नुसता वास घ्यायचे, बोटाने कण चुरायचे आणि भाव बोलायचे. शेतकरी चेष्टा करायचे, "अण्णा, चव बघा की! का आमच्या गुळाला इख लावलंय?" मालक म्हणायचे, "चव शिखरजीस्नं आल्यावर. तवर नाकावर भागवा." आमच्या घरी संक्रांतीला तिळगूळ आला तर तो आम्ही हातात घ्यायचो आणि गोड बोलायचो, खायचो नाही. पारस हे सगळे बघत होता.

कलम ३. आम्ही विचारायचो, तो सांगायचा, "अजून पॉइंट पुरं झालं न्हाईत, आई." मधल्या काळात तो आणि सून आदिती दुबईला गेले, मग थायलंडला, मग बालीला. विचारले तर म्हणायचा, बॉक्सवाल्या कंपनीने व्यापाऱ्यांना फुकट नेले. कंपन्या व्यापाऱ्यांना नेतात हे खरे आहे, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. आदिती तर मालकांना म्हणाली होती, "अण्णा, या वयात विमान कशाला? कान फार दुखतात हो."

मालक शेवटचे आजारी पडले तेव्हा मी दवाखान्यात नव्या हंगामाच्या गुळाचा एक खडा नेला. म्हटले, "खावा की एवढा. महाराजांस्नी मी सांगते काय ते." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. "अजून शिखरजी झालं न्हाय न्हवं," एवढेच बोलले. तेवढ्यात माझ्या फोनवर पारसचा फोटो आला. विमानतळावरच्या गुबगुबीत सोफ्यावर तो बसलेला, मांडीवर ताटली, आणि खाली लिहिलेले, 'आई, लाउंज एकदम भारी, सगळं फुकट!' मालकांनी तो फोटो बघितला आणि कौतुकाने म्हणाले, "पोराचं नशीब बघ." तिसऱ्या दिवशी ते गेले. मला अजून रडू येत नाही, कारण रागाने जागा अडवली आहे.

कलम ४. वर्षश्राद्ध आम्ही करत नाही, पण त्यांना वर्ष व्हायच्या आत एके दुपारी घरच्या लँडलाइनवर कार्डवाल्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. "मॅडम, पॉइंटवर केलेला तुमचा बालीचा प्रवास कसा झाला?" मी म्हटले, "बाई, मी हितल्या कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरापलीकडं गेलेली न्हाय." मग मी धोंडुबाईला घेऊन बँकेत गेले. तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सगळे उलगडून सांगितले. आमचे पॉइंट पहिल्याच वर्षी पुरे झाले होते. दोघांचे जाणे-येणे झाले असते. मोबाइल नंबर पारसचा लावलेला होता, म्हणून सगळे निरोप त्याला जायचे आणि तिकिटे तोच काढायचा. माझ्या नावाचे कार्ड, मालकांच्या दुकानाचा खर्च आणि आयत्या बिळावर हा नागोबा.

गाढवाला गुळाची चव काय, असे म्हणतात. माझा मुलगा गाढव असता तर मी सोडून दिले असते. त्याला चव पुरती ठाऊक होती.

मी घरी येऊन काही बोलले नाही. माझा नंबर लावून घेतला आणि वाट बघितली. पुढे तो सासू-सासऱ्यांना सिंगापूर दाखवायला निघाला. ती तिकिटे आधीच काढलेली होती, ती मी जाऊ दिली. ते बेंगळुरूच्या विमानतळावर पोचले असतील एवढा अंदाज घेऊन माझ्या कार्डावर त्याने स्वतःसाठी काढलेले जोडकार्ड मी बंद करायला सांगितले. थोड्या वेळाने फोन आला.

"आई, कार्ड चालंना झालंय! लाउंजच्या दारातनं मागं फिरवाय लागल्यात."

"व्हय. म्याच बंद केलंय."

"अगं, सासू-सासरं हाईत की संगं! मी त्यांस्नी काय सांगू?"

"सांग, अजून पॉइंट पुरं झालं न्हाईत."

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी पोटभर जेवले. सिंगापूरहून आल्यावर तो दोन दिवस माझ्या समोर आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला की पॉइंट वाया जाऊ नयेत म्हणून वापरले. माफी मागितली असती तर हे मृत्युपत्र चार ओळींत संपले असते.

कलम ५. कार्डाचा यात दोष नाही, ते गुणाचे आहे, आणि हे मी माझ्यामागे जे कोणी वापरतील त्यांच्यासाठी लिहिते. नाहीतरी जो खर्च होणारच आहे तो त्यावर करावा, पॉइंटाच्या लोभाने नको ती खरेदी करू नये. बिल तारखेच्या आत पुरते भरावे, नाहीतर व्याज सगळे पॉइंट खाऊन वर ढेकर देते. विमानतळावर बसायला आणि खायला मिळते, सामान हरवले तर भरपाई मिळते, प्रवासात बरेवाईट झाले तर विमाही असतो. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच लावावा, पोटच्या पोराचाही लावू नये. माझ्या कार्डाचे पॉइंट माझ्याबरोबर मरतात, असे बँकेच्या बाईंनी सांगितले. ते कोणाला मृत्युपत्राने देता येत नाहीत, म्हणून मी ते जिवंतपणीच संपवते आहे. उद्या मी आणि धोंडुबाई उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबईला आणि मुंबईहून रांचीला विमानाने जाऊ. धोंडुबाई नेसरीची. तिने विमान फक्त रानात भांगलताना डोक्यावरून जाताना बघितले आहे. तिला खिडकीची जागा घेतली आहे. मुंबईच्या लाउंजमध्ये आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणार, मग सोफ्यावर बसून फोटो काढणार आणि तो पारसला पाठवणार. खाली काही लिहायचे नाही, असे मी धोंडुबाईला बजावले आहे. ती म्हणाली, "वैनी, मी हसू का नको त्यात?" मी म्हटले, हस. प्रवासाच्या विम्याला वारस म्हणून तिचेच नाव लावले आहे.

कलम ६. शाहूपुरीचे घर मालकांनी हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले आहे. ते मी आमच्या बस्तीला देते. तिथे शिखरजीला जाणाऱ्या-येणाऱ्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा करावी. पारस आणि आदिती यात्रेकरू म्हणून आले तर त्यांना हाकलू नये. इतरांसारख्याच तीन रात्री द्याव्यात, सूर्यास्तानंतर जेवण देऊ नये आणि चौथ्या दिवशी सकाळी खोली मोकळी करून घ्यावी.

कलम ७. मार्केट यार्डातले दुकान पारसला मिळेल, पण एका अटीवर. त्याने मुनिमहाराजांसमोर उभे राहून गुळाचा तोच नियम घ्यावा, शिखरजीला जावे, डोली न करता पायी वर चढावे आणि पायी उतरावे. तोवर दुकान आमचे दिवाणजी कृष्णात पाटील चालवतील आणि नफा धर्मशाळेला जाईल. पारसने सौद्याला बसायला हरकत नाही. वास घ्यावा, बोटाने चुरावे आणि भाव बोलावा. शेतकरी चेष्टा करतील, ती ऐकून घ्यावी. पाच वर्षांत तो गेला नाही, तर दुकान कृष्णातचे.

कलम ८. माझ्या सोन्याच्या पाटल्यांवर आदितीचा डोळा आहे. त्या धोंडुबाईला द्याव्यात. आदितीला मी कापसाचे एक पुडके ठेवते आहे. विमानात कान दुखले तर घालता येईल.

कलम ९. फ्रिजवर उंटाचे, हत्तीचे आणि नारळाच्या झाडाचे असे चुंबक चिकटवलेले आहेत. दुबई, थायलंड आणि बालीहून त्यांनी आम्हाला आणलेली ही भेट. मालक रोज ते पुसायचे. ते पारसला परत करावेत, कृष्णातने त्याची पोच घ्यावी.

कलम १०. मला तिकडे काही झाले तर देह कोल्हापूरला आणू नये. तिथेच डोंगराच्या पायथ्याला अग्नी द्यावा, आणि तो पारसनेच द्यावा. म्हणजे त्याला यावे लागेल. विमानाने आला तरी चालेल, तिकीट पदरचे काढावे.

कलम ११. शेवटची वस्तू. दवाखान्यात मालकांनी तोंड फिरवले तो गुळाचा खडा मी टाकला नाही. स्टीलच्या डबीत ठेवला आहे. आता काळा पडला आहे. गूळ जुना झाला की औषध होतो, असे ते म्हणायचे. ही डबी मी उद्या बरोबर नेते आहे. दर्शन झाले की वर बसून तो खडा फोडीन, अर्धा त्यांच्या नावाने आणि अर्धा माझ्या. ही डबी मी पारसला देते. माझ्यामागे त्याला दुसरे काही मिळो वा न मिळो, डबी त्याच्या हातात द्यावी आणि सर्वांसमोर उघडायला लावावी.

ती रिकामी निघाली तर पारस, समज की तुझ्या आई-बापाचे शिखरजी झाले, तुझ्यावाचून झाले. भरलेली निघाली तर आमचा नियम अजून सुटलेला नाही. मग ती घेऊन तू वर चढ आणि तो खडा तुझ्या अण्णांच्या नावाने तूच खा. चव तुला ठाऊक आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील वृषभ चौगुले यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, मला तो मान्य आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा नाही.

सही: सीताबाई अण्णाप्पा मगदूम

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व ज्यांच्यासमोर मी सही केली:

१. डॉ. तेजस्वी उपाध्ये, शाहूपुरी

२. पिराजी आकाराम खोत, हमाल, मार्केट यार्ड. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून पिराजीला मालकांची सायकल मी कालच दिली आहे.

ठिकाण: कोल्हापूर

तारीख: १३ जानेवारी २०२५, संक्रांतीचा आदला दिवस