समोरच्याने मान डोलावेपर्यंत

मी, नागनाथ सिद्राम शिवशरण, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो शुद्ध लिहिलेला नाही, पण त्यातील मजकूर खरा आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. खरे तर हल्ली माझ्याशी वाद घालण्याइतकी सवड कोणापाशीच नाही. वकिलांनी करून दिलेला मसुदा मी परत केला, कारण त्यातील पहिल्याच वाक्यात पाच क्रियापदे होती आणि कर्ता सापडत नव्हता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व थोडक्यात करावा. शोकसभा घेतलीच, तर आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक श्री. गुरुबसप्पा यांना बोलू देऊ नये. ‘दोन्ही बाजूंचा विचार करता’ अशी सुरुवात करून ते एकही बाजू मांडत नाहीत. वैचारिक निबंध सातवीच्या मुलांना झेपत नाही, त्यापेक्षा ‘माझी शाळा’ पाठ करून घ्या, हा आदेश त्यांचाच. तो मी पाळला नाही आणि त्यांना क्षमाही केलेली नाही.

कलम दोन. पोस्टातील बचत माझी नात धम्मप्रिया हिच्या शिक्षणासाठी. ती यंदा सातवीत आहे. ‘परीक्षा असाव्यात का?’ हा तिचा निबंध मी वाचला. लाल शाई लावावी असे त्यात काही नव्हते. मी विचारले, “बाळा, यात तुझं मत कोणतं?”

“मत मोबाईलनंच दिलंय की, आजोबा. चांगलं हाय ना?”

चांगले होते. तिच्या मैत्रिणींचेही मत तितकेच चांगले होते आणि शब्दशः तेच होते. धम्मप्रियावर माझा राग नाही. बचत विनाअट तिची आहे.

कलम तीन. शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तके. माझ्या जागी सातवीला मराठी शिकवणाऱ्या शिवलीलाबाई यांना ती द्यावीत, अशी माझी इच्छा होती. परंतु त्या या दस्तऐवजावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने लाभ घेणे मला उचित वाटत नाही. मी त्यांना सांगितले, की पुस्तके हवी असतील तर साक्षीदार दुसरा शोधतो. त्या म्हणाल्या, “सर, सहीच करते. पुस्तकं आता कोण उघडतंय?” म्हणून ती सार्वजनिक वाचनालयास द्यावीत. तेथेही ती कोणी उघडणार नाही. निदान धूळ तरी पुसली जाईल.

कलम चार. राहते घर. आत दोन खोल्या, पुढे एक. पुढच्या खोलीच्या भिंतीत सिमेंटचा फळा आहे. निवृत्तीनंतर तेथे मी दर रविवारी सहावी ते आठवीच्या मुलांना वैचारिक निबंध शिकवला. वर्गाचा नियम असा होता: विरुद्ध मताचे मूल पहिल्या बाकावर बसेल. लिहिणाऱ्याने आधी त्या मुलाचे म्हणणे वाचून दाखवायचे, आणि तेही असे, की ऐकून त्याने स्वतः मान डोलावली पाहिजे. तोपर्यंत खंडनाला परवानगी नाही. त्यानंतर खंडन करायचे. खंडन जमले नाही, तर बाजू बदलायची.

गणवेशाच्या विषयावर अंकिता नावाची मुलगी रडकुंडीला आली होती. “सर, ह्यो ऋतुराज मुद्दाम मान डोलावंना!”

“आगं, तू माझं म्हननं सांगितलंसच कुटं?” ऋतुराज पहिल्या बाकावरून म्हणाला. “तू येड्याचं म्हननं सांगितलंस. मी काय येडा हाय व्हय?”

अंकिताने परिच्छेद फाडला आणि पुन्हा लिहिला. ऋतुराजने मान डोलावली, आणि डोलावल्यावर स्वतःच चकित होऊन म्हणाला, “लई भारी लिवलंय की. मलाबी असं सांगता येत न्हाय.” त्या दुपारी मला वाटले होते, की या शहरातील माणसे कधीतरी एकमेकांचे ऐकू लागतील.

म्हणून माझी इच्छा अशी, की हे घर विकू नये, पुढची खोली या वर्गासाठीच कायम राखावी आणि तेथे हाच नियम चालवावा.

कलम पाच. कलम चार हे माझे मत झाले. माझ्याच नियमाप्रमाणे विरुद्ध बाजू मांडणे मला प्राप्त आहे. ती बाजू माझा एकुलता एक मुलगा संघपाल याची आहे. तो म्हणतो:

ही पुढची खोली माझी आई विठाबाई हिने विड्या वळून बांधली. लग्नानंतर मी तेथे राहावे, हे तिच्या मनात होते. खोलीत बाक आले आणि मी भाड्याच्या एका खोलीत गेलो. आई गेली तेव्हाही तिला तुम्ही बाक सरकवून मधल्या जागेत ठेवले. माझी मुलगी शेगडीशेजारी बसून अभ्यास करते. वर्गाला दिवाळीनंतर एकही मूल आलेले नाही. रिकाम्या बाकांना घर आहे, आम्हाला नाही.

तुमचा नियम मी पाळला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी ज्या चादरींच्या कारखान्यात होतो, तेथे मालकाने एका माणसावर आणखी माग लादले. कामगार मला म्हणाले, “तू मास्तरचं पोर, तूच बोल.” मी उभा राहिलो आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी मालकाची बाजू मांडली: सूत महागले, मागणी घटली, विजेचे बिल वाढले. मालकाने मान डोलावली. “शाब्बास! हेच तर मी म्हणतोय,” असे म्हणून तो उठला आणि बैठक संपली. माझे खंडन माझ्या तोंडातच राहिले. बाहेर आल्यावर सोबतच्यांनी विचारले, “आरं, तू नक्की कुनाचा हाईस?” त्यानंतर माझ्याबरोबर कोणी डबा उघडला नाही. आता मी रोज मोडनिंबपर्यंत जाऊन एका धाब्याच्या गल्ल्यावर बसतो. बाबा, तुमच्या वर्गात मान डोलावल्यावर समोरचा खंडन ऐकायला बसून राहतो. बाहेर तो उठून जातो.

कलम सहा. खंडन.

 

कलम सात. कलम सहा कोरे आहे, ते नजरचुकीने नव्हे.

गेल्या रविवारी संघपालला बोलावून घेतले. तो न सांगता पहिल्या बाकावर बसला; सातवीत असताना शाळेतील माझ्या वर्गातही तो पहिल्याच बाकावर बसत असे. मी कलम पाच वाचून दाखवले. आईचा उल्लेख आला तेव्हा त्याने खाली पाहिले. वाचन संपल्यावर त्याने मान डोलावली.

“व्हय बाबा. हेच माझं म्हणणं हाय.”

मग तो हाताची घडी घालून थांबला. तो उठून गेला नाही. मी कागद उलटला. चष्मा पुसला. फळ्याकडे पाहिले. आयुष्यभर ज्या मताच्या आधाराने उभा होतो, त्याच्या बाजूने एक वाक्य मला मांडता येईना. शेवटी तो हळूच म्हणाला, “बाबा, मी मान डोलवायला नको हुती का?”

मी म्हणालो, “खोटी मान चालत नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या. च्या करतो.” आणि तो आत गेला.

नियमानुसार मी बाजू बदलत आहे. कलम चारमधील इच्छा याद्वारे रद्द समजावी. ती खोडलेली नाही, कारण माझे मत काय होते, हे कोणाला तरी वाचता यावे. संपूर्ण घर संघपाल नागनाथ शिवशरण यास विनाअट मिळावे. बाक भंगारात द्यावेत. सिमेंटचा फळा फोडण्याचा खर्च करू नये. त्यावर चुना मारावा आणि त्या भिंतीला टेकवून धम्मप्रियाची खाट लावावी. तिला तेथे काय होते, हे सांगण्याची सक्ती कोणावर नाही.

याहून अधिक मला कोणाला काही द्यायचे नाही. हे मी वाचले, साक्षीदारांसमक्ष पुन्हा वाचले आणि त्यांच्यादेखत सही केली. सही करण्यापूर्वी शिवलीलाबाईंनी कलम सहाकडे बोट दाखवून विचारले, “सर, एखादी ओळ तरी लिहायची का?” मी त्यांच्याकडे पेन दिले. त्यांनी बराच विचार केला आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.

सही: नागनाथ सिद्राम शिवशरण

साक्षीदार:
१. शिवलीला शिवानंद बिराजदार, शिक्षिका, सोलापूर
२. शरणप्पा मल्लप्पा हत्तुरे, शेजारी, बुधवार पेठ, सोलापूर

स्थळ: सोलापूर
दिनांक: ७ डिसेंबर २०२५