नोंद क्रमांक ३१ ची दुरुस्ती

मी, गोरख देवराम झुगरे, वय वर्षे २६, काम कॉम्प्युटरवर नोंदी करणे, राहणार वरचा पाडा, खोडाळा, तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कोणी लिहायला सांगितलेले नाही. डोके शाबूत आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याचा तो परिणाम, असे डॉक्टर म्हणाले. येत्या २० तारखेला मुंबईत ऑपरेशन आहे. "जिवाला धोका आहे हे मला समजले" या ओळीखाली मी सही केली आहे. हे लिहिण्याचे खरे कारण कलम ४ मध्ये आहे. ज्याला घाई आहे त्याने तेवढेच वाचावे.

कलम १. घर आईचे, म्हणजे हौशीबाईचे आहे. ते देणारा मी कोण. पडवीला लागून मी बांधलेली खोलीही तिचीच. कॉम्प्युटरवर धूळ बसेल म्हणून मी तेथे तिला नागली पाखडू देत नसे. आता पाखडावी. पोस्टातले पैसे बहीण रविनाच्या शिक्षणासाठी आहेत. त्यातून तिचे लग्न करू नये. आई, हे तुला उद्देशून आहे.

कलम २. कॅमेरा मी ज्या जुन्या वस्तूंच्या नोंदी करतो त्या संस्थेचा आहे, तो परत करावा. त्याचे झाकण हरवलेले नाही. ते माझ्या शर्टाच्या खिशात असते, कपडे भिजवण्याआधी पाहावे. मोजमापाची फीत व धूळ झाडायचे तीन ब्रश घरात ठेवावेत. शब्दकोश रविनाला. मी दहावीला गणितात नापास झालो, तरी संस्थेने दोन पदवीधर सोडून मला घेतले, ते अक्षर आणि शुद्धलेखन पाहून. मला त्याचा फार अभिमान होता. होता असेच लिहितो.

कलम ३. जव्हारच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून मी नोंदी करतो, तेथल्या उमेशने माझा चांगला माऊस नेला आणि गोळा अडकणारा माऊस माझ्या टेबलावर ठेवला. विचारले तर म्हणाला, "मुखवटेवाल्या, तुला काय घाई? तुझे देव कुठे पळतायत?" नेलेला माऊस मी त्याला देऊन टाकतो, म्हणजे चोरी राहणार नाही.

कलम ४. डिसेंबर २००३ मध्ये संस्थेचे सुदर्शन सर डिजिटल कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन आले. जुन्या वस्तू लोकांच्या घरातून न हलवता त्यांचे फोटो आणि माहिती कॉम्प्युटरवर जपायची, असे काम होते. शहरातल्या संग्रहालयासाठी केलेला फॉर्म त्यांनी तसाच आमच्याकडे आणला होता. वस्तूचे नाव, लांबी, रुंदी, लाकूड, मालक. मी खोडाळा, जामसर आणि आसपासच्या पाड्यांवर फिरून १४३ नोंदी केल्या. बहुतेक वस्तू बोहाड्याचे मुखवटे होत्या. होळीनंतर आमच्याकडे बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगे निघतात, आणि प्रत्येक सोंग नाचवण्याचा मान ठरलेल्या घराचा असतो.

कॅमेरेवाल्यासाठी माळ्यावरून मुखवटा कोणी काढून देत नाही. जिवामामा बरोबर आले म्हणून दिले. जिवा लहू वारघडे, आमच्याच पाड्याचे. ते मुखवट्यामागे काळे कापड ताणून धरत आणि प्रत्येक फोटोनंतर विचारत, "झाला का रं?"

"झाला, मामा."

"बघू." मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून हसत. "आरं, ह्यो रावण तर तुझ्या सरांवानी दिसतो."

नोंद क्रमांक ३१ त्राटिकेची. पांगाऱ्याच्या लाकडाचा मुखवटा, उंची ४६ सेंटीमीटर, डावा सुळा तुटलेला. त्राटिका दोन घरांची आहे, जिवामामांची आणि त्यांचे चुलतभाऊ धोंडीमामा यांची. एका वर्षी एक घर नाचवते, पुढच्या वर्षी दुसरे. नाचवलेल्या घरात मुखवटा वर्षभर राहतो. त्या वर्षी तो धोंडीमामांच्या घरात होता. फॉर्ममध्ये मालकाच्या नावाला एकच चौकट होती. ती मोकळी ठेवली तर नोंद साठवली जात नव्हती.

जिवामामा म्हणाले, "दोन घरांची लिव."

"जागा एकाचीच आहे, मामा."

"नाय तर नाय. गावाला ठावं हाय."

ज्या घरात मुखवटा सापडला त्या घराचे नाव मी लिहिले. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. त्यात एक ओळ लिहिता आली असती. दिवस मावळत होता आणि अजून चार मुखवटे बाकी होते.

फेब्रुवारीत संस्थेने प्रत्येक मालकाला प्लास्टिकमध्ये बसवलेले नोंदपत्र पाठवले, त्यावर फोटो, नाव आणि शिक्का. २००४ ची पाळी जिवामामांची होती. पंच बसले तेव्हा धोंडीमामांनी ते नोंदपत्र पुढे ठेवले. "शिक्का बघा. नाव वाचा. सरकारी हाय."

सरकारी नव्हते. मी ते सांगितले नाही.

पंच म्हणाले, "गोरख, तू लिवलंस. बोल."

सुदर्शन सरांनी मला पुढचे काम कबूल केले होते. नोंद चुकली असे चारचौघांत म्हटले तर ते जाईल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर तसंच आहे."

जिवामामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लिवलंस म्हंजी बरोबरच आसंल." टोमणा नव्हता. त्यांना खरेच तसे वाटले.

बोहाडा झाल्याशिवाय ते कधी कामाला बाहेर जात नसत. त्या वर्षी होळीआधीच ठाण्याला इमारतीच्या कामावर गेले. ज्या आठवड्यात गावात सोंगे निघाली त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरून पडून वारले. त्राटिका धोंडीमामांनी नाचवली, पुढच्या वर्षीही त्यांनीच.

तेव्हापासून माऊसचे बटण दाबले की मागून विचारणा होते, "झाला का रं?" भर दुपारी, क्लासमध्ये बारा मुले बसलेली असताना. दोनदा मी मोठ्याने "झाला, मामा" म्हणालो. मुले हसली.

मग मी सीडीवरचे मूळ फोटो उघडले. प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेला कापड धरलेला अंगठा आहे, नख मधोमध चिरलेले. नोंदीत फक्त वस्तू दिसावी असा नियम आहे. म्हणून तो अंगठा मी १४३ वेळा कापला होता, आणि कापताना एकदाही तो कोणाचा आहे हे मनात आले नव्हते. तो मोठा करून पाहिला. मोठा करत गेले की त्याचे चौकोन होतात, आणि माणूस कापडामागेच राहतो.

आता कोणताही फोटो उघडला की मी आधी उजवी कड पाहतो. जामसरला गेल्या वर्षी देवघरातल्या देवांच्या टाकांचे फोटो काढले, तेव्हा कापड भिंतीला खिळ्यांनी लावले होते. त्यातल्या एका फोटोत तो अंगठा आहे. उमेशला दाखवला. तो म्हणाला, "सावली आहे." नंतर माझ्याशी आठवडाभर नीट वागला, त्यावरून त्यालाही दिसला असावा.

संस्थेला मी दुरुस्तीसाठी तीन पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले, की या टप्प्याची माहिती बंद झाली आहे. म्हणून माझ्या मृत्यूनंतर रविनाने हे कलम पंचांसमोर मोठ्याने वाचावे: नोंद क्रमांक ३१ मधील मालकाचे नाव ही माझी चूक आहे. त्राटिका दोन घरांची आहे. २००४ ची पाळी जिवा लहू वारघडे यांची होती, ती माझ्यामुळे गेली. यंदाची पाळी त्यांच्याच घराची आहे आणि त्यांचा मुलगा सुकऱ्या ती नाचवील. धोंडीमामांवर माझा राग नाही. कागद माझ्या हातचा होता.

कलम ५. मूळ फोटोंच्या सीडी सुकऱ्याला द्याव्यात. न कापलेल्या ३१ क्रमांकाच्या फोटोची मी जव्हारच्या स्टुडिओत मोठी प्रत काढली आहे, ती हिराबाई जिवा वारघडे यांना द्यावी. त्यांच्याकडे जिवामामांचा एकही फोटो नाही.

येथवर ११ फेब्रुवारीला लिहून झाले.

जोड. आज सकाळी मी हिरामामींकडे गेलो. हे कागद कोठे ठेवले आहेत ते त्यांना ठाऊक असावे, एवढ्यासाठीच. त्यांनी वाचायला लावले. मी सगळे वाचले. कलम ५ आले तसे त्या म्हणाल्या, "फोटू मेल्यावर कशाला? आण हिकडं."

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो दारातल्या उजेडात धरला. "अंगठाच हाय."

"हो, मामी."

"माणूस हुबा व्हता नि तू फडक्याचा फोटू काढलास." मग पदराने काच नसलेला फोटो पुसला. "नि पंचांना कधी सांगणार म्हंतोस?"

"मृत्युपत्र आहे, मामी. मी गेल्यावर वाचायचं."

"नि नाय मेलास तर?"

झडप नीट बसली तर मी गप्प राहणार होतो. आणखी चाळीस वर्षे गप्प राहणार होतो. हे मला लिहिताना कळले नव्हते, त्यांना ऐकताना कळले.

म्हणून कलम ४ मधील "माझ्या मृत्यूनंतर रविनाने" हे शब्द मी खोडले आहेत आणि त्या जागी "आज मी स्वतः" असे लिहिले आहे. खोडाखोड माझीच असून शेजारी सही केली आहे. बोहाड्याच्या तयारीसाठी पंच आज पारावर बसले आहेत. धोंडीमामाही तेथेच आहेत. कलम १ ते ३ आणि कलम ५ मधल्या सीडी माझ्या मृत्यूची वाट पाहतील. कलम ४ पाहणार नाही. या सह्या झाल्या की मी पारावर जातो.

ठिकाण: वरचा पाडा, खोडाळा
दिनांक: १२ फेब्रुवारी २००६, रविवार, सकाळी साडेदहा

(सही) गोरख देवराम झुगरे

आम्हां दोघींसमोर गोरखने सही केली व त्याच्यासमोर आम्ही केल्या:

१. (सही) मंजुषा पादीर, शिक्षिका
२. (सही) हर्षाली भोये, अंगणवाडी सेविका. मी त्याच्याबरोबर पारापर्यंत जात आहे.