बाबांच्या फोनवरून

मृण्मयी,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच खरं लिहिते. पाठवणार तर नाहीच. बाबा गेले त्याला आज बारा दिवस झाले. फ्रीजपाशी उभे होते, खाली बसले आणि संपलं. तुझी परीक्षा होऊ दे म्हणून मीच सगळ्यांना गप्प बसवलं. रडू येत नाही. कुकर लावते, भात उरतो, टाकून देते.

तू शिकायला बोलिव्हियात, ला पाझला निघालीस तेव्हा ते म्हणाले होते, "इथे सपाटीवर तुला सायकल धड चालवता येत नाही, बारा हजार फुटांवर काय दिवे लावणार?" तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. तरी तू त्यांना व्हिडिओ पाठवत राहिलीस. परवाच्या व्हिडिओत गारा पडत होत्या, तुझा केबल कारचा पाळणा तारेवर शहराच्या वर अडकला होता, शेजारची म्हातारी तुला पाव भरवत होती आणि तू हसत होतीस. त्यांच्या फोनवर मी तो पाहिला. काहीतरी उत्तर जायला हवं, म्हणून अंगठा पाठवला.

लगेच तुझा मला फोन. "आई, बाबांनी थम्ब्स अप दिला! ही इज नॉट मॅड एनीमोर! काय म्हणाले?"

मी म्हटलं, "कामावर आहेत. तू अभ्यास कर."

शुक्रवारी तुझा शेवटचा पेपर. शनिवारी सांगेन. ते गेल्याची तारीख ऐकलीस की अंगठा कोणाचा ते तुला कळेलच. मग माझं तोंड बघू नकोस हवं तर. पण ते घरी येऊन कर.

आई
फेल्डहोवन, नेदरलँड्स