कुमारिकेनं मागितलं

झाशी
१९ डिसेंबर १९५६

ती. सौ. अक्का,

इंदूचा नमस्कार. भावजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, विड्या सोडल्या असं पत्रात लिहिल्यानं विड्या सुटत नाहीत. मुलांना आशीर्वाद. इथं थंडी कडाक्याची आहे, बाकी सारं ठीक.

हे पत्र तुला पोस्टमन देणार नाही, बकुळ देईल. दारात तिला पाहून घाबरू नकोस. रेल्वे कॉलनीतल्या कमळाबाई माहेरी नाशकाला निघाल्यात, त्यांच्या सोबतीनं पाठवते आहे. ट्रंकेत डिंकाचे लाडू आहेत, ते लपवून ठेव, नाहीतर पोरगी एका दिवसात फडशा पाडेल. पाडला तरी रागावू नकोस. तिला पोटभर जेवायला घाल. परकरांची दुमड मी उसवून ठेवली आहे, तिला लांब होतील. शाळेचा दाखलाही आहे, लगेच नाव घाल.

किती दिवसांसाठी, असं तू विचारशील. ते लिहितेच, पण आधी दुसरं सांगू दे.

यांना रेल्वेचं क्वार्टर मिळालं नाही, म्हणून बडा बाजाराच्या मागच्या गल्लीत नारायणरावांनी त्यांच्या घरातल्या दोन खोल्या दिल्या, हे तुला आषाढात कळवलं होतं. माणसं जुनी, पूर्वज कारभारी म्हणून इकडे आलेले. भाड्याचं नाव काढू दिलं नाही. चारी बाजूंनी हिंदी ऐकून कान किटलेले असताना कुणी मराठीत ‘या, बसा’ म्हणालं की माणूस विरघळतो. मीही विरघळले.

नारायणराव भर ज्येष्ठाच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालतात आणि कानानं अगदी कमी. त्यांची बायको अनुसूयाबाई एवढी अवाढव्य की दोघींनी धरल्याशिवाय पाटावरून उठत नाही, पावलं मात्र लहान मुलीची. आवाज इतका गोड की आपल्यालाच साखर खाल्ल्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी बकुळच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “इंदूबाईजी, बिटिया मोठी गोड आहे हो. बस, एवढीच राहू द्या.” मी हसले. अशा बोलण्याला कोण हसत नाही?

अंगणात एक मुलगी पाठमोरी उभी होती. परकर-पोलकं, दोन वेण्या, लाल रिबिनी. म्हटलं, चला, बकुळला मैत्रीण मिळाली. ती वळली. अक्का, तोंडात दात नाहीत, वेण्या पांढऱ्या, पन्नाशी उलटलेली बाई. बकुळकडे बघून म्हणाली, “सागरगोटे खेळशील?” ही नारायणरावांची धाकटी बहीण, वसुंधरा.

आपल्या माहेरी बोडण नव्हतं, म्हणून नीट सांगते. परातीत अन्नपूर्णा ठेवायची, भोवती सवाष्णी आणि एक कुमारिका बसवायची. दूध, दही, तूप, मध, पुरण घालून सगळ्यांनी हातानं कालवायचं. कुमारिकेला विचारायचं, “काय हवं?” ती मागेल ते परातीत घालायचं, ती ‘पुरे’ म्हणेपर्यंत. त्या वेळी तिच्या तोंडून देवी बोलते. शेवटी ते गाईला घालतात. पुरुषांनी ते बघायचं नसतं. पुष्कळ घरांत करतात, त्यात वावगं काहीच नाही.

पण वसुंधरा सहा-सात वर्षांची असताना ग्वाल्हेरच्या कुणाशी तिचं लग्न ठरत होतं. पोर भेदरलेली. बोडणाला बसवलं आणि विचारलं, काय हवं? ती म्हणाली, “मला इथून कुठं पाठवू नका.” दुसऱ्या कुठल्या घरात आईनं पोटाशी धरून समजूत काढली असती. इथं ती देवीची आज्ञा झाली. तेव्हापासून तिनं उंबरठा ओलांडलेला नाही. लग्न नाही, लुगडं नाही. कुमारिकेची कुमारिकाच ठेवली. मराठी घरं इथं मोजकी, कुमारिका मिळायची मारामार, त्यामुळे त्यांची सोयही झाली. मागच्या काही वर्षांत मात्र तिनं बोडणाला तोंड उघडणंच बंद केलं होतं. त्यांना नवी हवी होती.

श्रावणात बोडण केलं तेव्हा त्यांनी बकुळला बसवलं. मीही सवाष्ण म्हणून बसले होते, कौतुकानं. पोरीनं शहाण्यासारखं दूध मागितलं, मध मागितला. मग अनुसूयाबाई तिच्या कानाशी वाकल्या. आठ दिवस त्या तिला झोपाळा दाखवत होत्या, बासुंदी भरवत होत्या, ते मला दिसत होतं आणि बरंही वाटत होतं. “आणखी काय हवं, देवी?” बकुळ म्हणाली, “मला इथंच राहायचंय, ताईजवळ.” वसुंधरेला ती ताई म्हणायची.

दाराआड नारायणराव बसले होते. त्यांनी काठी आपटली. “ऐकू आलं नाही, पुन्हा!” आणि माझ्या वेड्या पोरीनं मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी यांनी शाळेतून तिचा दाखला काढून आणला. शिंपी घरी आला आणि बकुळच्या मापाचे परकर शिवले. ढीगभर, सगळे त्याच मापाचे. तिला भात अर्धा वाढू लागले. मी विचारलं तर अनुसूयाबाई म्हणाल्या, “जास्त जेवली की वाढते हो.” गाय घेऊन येणारी दूधवाली मला गल्लीत गाठून म्हणाली, “बहूजी, मोड़ी खों इतै ना राखियो.” पोरीला इथं ठेवू नका. मला काय ते कळत नव्हतं?

यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. गाडी सोडतानासुद्धा आधी नमस्कार, मग झेंडी. म्हणाले, “देवीनं आपल्या पोरीच्या तोंडून मागितलं, भाग्य समज.” मी रडले, भांडले, उपाशी राहिले. एकदा बाजाराला जाते असं सांगून बकुळला घेऊन टांग्यानं स्टेशनवर गेले. गाडीत बसलोसुद्धा. हेच डब्यात आले, काखेत हिरवी झेंडी, आणि आम्हाला खाली उतरवलं. नवरा गार्ड असला की बायकोला पळून जायला गाडी नसते. हस, मीही आता हसते.

त्यानंतर दाराला कडी लागली. मग मी वसुंधरेला धरलं. देवीचा शब्द फिरवायचा तर देवीनंच फिरवायला हवा, आणि तीही अजून कुमारिकाच होती. तिच्या केसांत जटा झालेल्या, मी रोज तेल लावून विंचरू लागले. मऊ भात कालवून भरवू लागले. इतक्या वर्षांत तिला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, केवढं जड डोकं, आणि मी तिच्या कानात सांगायची, “पुढच्या खेपेला तू बैस. म्हण, बकुळला मावशीकडे पाठवा.” ती अंगठा चोखत ऐकायची. मी हे मायेनं केलं नाही, अक्का. माझ्या पोरीसाठी केलं. पण तिला ते कसं कळणार?

गेल्या शुक्रवारी बोडण झालं. बकुळला पाटावर बसवलं होतं. वसुंधरा आली, तिला कोपरानं ढकलून स्वतः बसली आणि परातीत हात घातले. अनुसूयाबाईंचा चेहरा पांढरा पडला, पण देवीला पाटावरून कोण उठवणार? विचारावंच लागलं. “काय हवं?” वसुंधरा घुमल्यासारखी म्हणाली, “बकुळला मावशीकडे पाठवा. आगगाडीनं.” नारायणरावांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. दाराआडून म्हणाले, “मान्य.”

पण रीत आहे. “आणखी काय हवं?”

तिनं बरबटलेल्या हातानं माझं मनगट धरलं. म्हणाली, “आई हवी. ही.”

कमळाबाई समोर होत्या, त्यांनी मान खाली घातली. त्यांना काही विचारू नकोस, त्या सांगणार नाहीत. मी हात सोडवू शकले असते. पण दोन्ही शब्द एका तोंडचे. माझ्यासाठी एक मोडला तर बकुळचाही मोडणार, हे अनुसूयाबाईंनी गोड आवाजात समजावून सांगितलं. तेव्हा मीच म्हणाले, “मान्य.” मोठ्यानं, नारायणरावांना ऐकू जाईल असं.

तर अक्का, बकुळ थोड्या दिवसांसाठी आलेली नाही. ती तुझी. तिला मी आजारी आहे असं सांगू नकोस, मेले असंही सांगू नकोस. मोठी झाली की हे पत्र दे. आपण म्हटलेल्या शब्दामुळे हे झालं असं तिला वाटेल, तर तिला सांग, नऊ वर्षांच्या पोरीचा शब्द कुणी धरून ठेवायचा नसतो. कुणाकडे बोडणाला पाठवू नकोस. उंच होऊ दे, तुझ्याहून उंच.

मला न्यायला येऊ नकोस. तू सवाष्ण आहेस, आलीस तर तुलाही पाट मांडतील.

माझे हाल नाहीत. जरीची लुगडी देतात, पहिलं पान माझं वाढतात. हे रेल्वे कॉलनीत दुसऱ्या एका गार्डाच्या क्वार्टरात राहायला गेले. देवीनं मागितलेल्या बाईशी संसार करता येत नाही म्हणाले. परवा दारातून वाकून नमस्कार करून गेले, आणि ‘आईसाहेब’ म्हणाले. वसुंधरा मला क्षणभरही सोडत नाही. आत्ताही खांद्याशी बसून मी काय लिहिते ते बघते आहे. तिला वाचता येत नाही. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी लेक आहे माझी, आणि खरं सांगू, मला तिची भीती वाटते आणि कीवही येते. रोज कीव थोडी जास्त येते. त्याचीच मला सगळ्यांत धास्ती वाटते.

नारायणराव, अनुसूयाबाई, मोलकरणी, सगळी मला आईच म्हणतात. इंदू म्हणून हाक मारणारं या शहरात आता कुणी उरलं नाही. उत्तर पाठवशील तेव्हा खुशाली नसली तरी चालेल, पण वर माझं नाव लिही. दोनदा लिही.

तुझी,
इंदू