अवसेचा बिबा

सोनई,
ता. ५ जानेवारी १९७२

ती. विजयमालाताईस,
धाकट्या राहीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. दिवाळीला माहेरी आले ती राहात्याला परत गेलेच नाही. हे दोनदा न्यायला आले, दोनदा मी पोटदुखीचं सोंग केलं. आता सतरा तारखेला येणार आहेत. या खेपेला एकटे परतले तर पुन्हा येणार नाहीत, असं सासूबाईंनी कळवलंय.

तू दवाखान्यात नर्स आहेस म्हणून तुलाच सांगते. आंघोळीच्या वेळी हाताला लागलं. लाजेच्या जागी, आतल्या पाळ्यांवर, दोन्हीकडे रव्यासारखे बारीक पिवळसर दाणे आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण आहेत. दिवसातून चारदा बघते. आरसा न्हाणीत कशाला नेतेस, असं आईनेही विचारलं.

कडूआत्याला नुसतं सांगितलं, दाखवलं नाही. ती म्हणाली की ट्रकवाल्यांचं दुखणं हाय हे, दुसरं काय न्हाई. हे उसाच्या ट्रकवर चार-चार दिवस बाहेर असतात ना! तेव्हापासून ह्यांची आठवण आली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि मग रडू येतं. रविवारी, सोळाला, अवस आहे. त्या दिवशी आत्या बिबा तापवून त्याचं तेल लावणार. दाणे रात्रीत झडतात म्हणे. बिब्याचं नाव निघालं की आई उठून गोठ्यात जाते. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

लावू का? उत्तर पाकिटातच घाल. पोस्टकार्ड आलं की आपला सहादेवदादा ते ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला वाचून दाखवतो.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
राही

राजूर,
ता. ११ जानेवारी

चि. सौ. राहीस ताईचे अनेक आशीर्वाद.

बिबा लावू नकोस. बाकीचं मागाहून वाच. बिब्याने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. त्या नाजूक जागी तर विचारूच नकोस. तुझं पत्र आज हाती पडलं, इतके दिवस कुठे लोळत होतं कोण जाणे. तारच करणार होते, पण तार आली की आपल्या घरी आधी रडारड, मग वाचन. स्वतः निघाले असते, तर इथे ऑपरेशनचा कॅम्प, रजा नाही.

आता नीट ऐक. तू लिहितेस तसे दाणे म्हणजे कातडीतल्या तेलाच्या बारीक ग्रंथी. त्या जन्मापासून असतात, वयात आल्यावर दिसू लागतात. खालचा ओठ उलटून आरशात बघ, तिथेही तसलेच सापडतील. हा रोग नाही. नवऱ्याकडून येत नाही, नवऱ्याला जात नाही, मूल होण्याच्या आड येत नाही. मलाही आहेत. मेले, कुणी दाखवत नाही म्हणून प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच झालं! दुखणं, जखम, रक्त, घाण वास किंवा वाढती गाठ असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट. आणि मी काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून नगरला लेडी डॉक्टरला एकदा दाखवच. कानिफनाथरावांना घेऊन जा. बिचाऱ्यावर उगाच आळ घेतलास.

आशीर्वादासोबत एक धपाटाही पाठवते, दोन्ही मानून घे.
विजयमाला

(पोस्टकार्ड)
राजूर, ता. १३ जानेवारी

चि. राहीस आशीर्वाद. पाकीट मिळालं का? स्वेटर आत्याच्या पद्धतीने मुळीच विणू नकोस. पाकीट वाचल्याशिवाय एक टाका घालू नकोस. जीव थाऱ्यावर नाही. आईला सांग.
विजयमाला

राहाता,
ता. २० जानेवारी

ती. ताईस राहीचा शि. सा. न. वि. वि.

मी राहात्याला आहे, यावरून निम्मं कळलंच असेल. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि तू लिहिलंस तेच सांगितलं. माझ्या मनात काय आलं होतं ते मी ह्यांना गाडीत सांगून टाकलं. राहुरीला ह्यांनी उतरून पेरू आणले, मोठा मला दिला.

पण लिहायचं आहे ते आईचं. शनिवारी तुझं कार्ड आलं, पाकीट नाही. दादाने ओट्यावर ते खणखणीत वाचलं. स्वेटर कसला म्हणून अजून गल्ली विचारतेय. आईच्या मात्र ऐकताच ध्यानात आलं की स्वेटर म्हणजे बिबा. रविवारी सकाळी आत्याने चुलीजवळ बिबा काढून ठेवला, तोवर आई पदर खोचून निघाली ती थेट पोस्टमास्तरांच्या घरी. जिला पेठेत एकटी जायची सवय नाही तिने, रविवार असून, आदल्या सांजेची थैली उघडायला लावली. पाकीट त्यातच होतं.

गोठ्यात बसून मी तिला सगळं वाचून दाखवलं. मग तिने सांगितलं, ताई. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिलाही असेच दाणे दिसले होते. आजीने बिबा लावला. महिनाभर तिला बसता येत नव्हतं, घरात सांगितलं की गाडीवरून पडली. आई पाटावर नेहमी एका अंगावर बसते ना, ते त्यामुळे. आपण लहानपणी तिची नक्कल करून हसायचो गं.

हा रोग न्हाई, ती वळ परत वाच, असं ती म्हणत राहिली. मी सात वेळा वाचली. मग ती उठली, चुलीजवळचा बिबा घेतला आणि उकिरड्यावर भिरकावला. तुझं पत्र तिने मागून घेतलंय. वाचता येत नाही, तरी ट्रंकेत लग्नाच्या लुगड्याखाली ठेवलंय.

तुझा लोभ असाच पाकिटातून येत राहू दे.
तुझी,
राही