मेन स्विच चालू करू नकोस

ताई,

मेन स्विच मीच बंद केलाय, तो चालू करू नकोस. गॅलरीत तर पाऊलही टाकू नकोस, तिथे पाणी सांडलंय. तुझा फोन कारखान्याच्या गेटवर जमा असतो, म्हणून दाराला चिठ्ठी चिकटवतोय.

आईला शॉक बसला. शुद्धीवर आहे, बोलतेय, पण ठोके नीट पडत नाहीयेत. चौकातल्या दवाखान्यात ठेवलंय, शेजारच्या काकू जवळ बसल्यात. मी तिची फाइल न्यायला धावत आलोय.

झाडांना आपोआप पाणी देणाऱ्या माझ्या पंपाला मी तो फुटका चार्जर चिकटपट्टी लावून जोडला होता. तू फेकून दे म्हणाली होतीस, तोच. मातीतल्या सेन्सरवर आईचा कधीच विश्वास नव्हता, ती रोज कुंडीत बोट घालून ओल बघायचीच. आठवडाभर म्हणत होती, "बोटाला मुंग्या येतात रे." मी हसून म्हटलं, "शुगर वाढली असेल, तपासून घे." ती बिचारी खरंच तपासून आली. रिपोर्ट नॉर्मल आहे, फाइलमध्ये वरच लावलाय.

मघाशी डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं?" आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही, आजच." आणि मी गप्प बसलो.

मला फार भीती वाटतेय. तू लवकर ये. तुलाही ती "आजच" म्हणेल. तिचं ऐकू नकोस.

बारक्या